गाठ गरम आहे, हे ठरवले कोणी?

आपल्या प्रत्येक वस्तीत गळ्याला गाठ असलेली एक तरी बाई सापडते. कुणी तिला गलगंड म्हणते, कुणी 'थायरॉइड झालाय' म्हणते, कुणी काहीच म्हणत नाही. पदर थोडा वर ओढला की गाठ झाकली जाते. या लेखात मला अशा गाठींपैकी एका प्रकाराबद्दल लिहायचे आहे. जी गाठ स्वतःच जास्तीचे हार्मोन तयार करते तिला डॉक्टर 'हॉट नोड्यूल' म्हणतात, आणि दवाखान्यात मराठीत सांगताना 'गरम गाठ'. या गाठीबद्दलचे एक वाक्य ठरलेले आहे: 'गाठ गरम आहे, तिच्यात कॅन्सर नसतो.'

हे वाक्य खोटे नाही, पण ते अर्धे आहे. त्याला एक अट जोडलेली आहे आणि ती अट आपल्या लोकांपर्यंत पोचेपर्यंत गळून पडते. ती कुठे गळते, कुणासाठी गळते, हा प्रश्न जेवढा वैद्यकशास्त्राचा आहे तेवढाच जातीचा, वर्गाचा आणि बाईपणाचा आहे.

मी डॉक्टर नाही. समाजशास्त्रात एम.ए. केले आणि गेली दहा वर्षे येलदरी व जिंतूर तालुक्यातल्या वस्त्यांत सामाजिक काम करते. या कामातला निम्मा वेळ रुग्णांसोबत दवाखान्यांच्या बाकड्यांवर जातो. तिथे बसून दोन बायांच्या गाठींचा प्रवास मी शेवटपर्यंत पाहिला. एकीला खोटा धीर मिळाला होता, दुसरीला खोटी भीती. दोघींच्या फाइलमध्ये गाळलेले पान मात्र एकच होते.

'गरम' म्हणजे नेमके काय

या गरमीचा अंगातल्या उष्णतेशी संबंध नाही. अंडे गरम पडते, पपई गरम पडते, त्यातली ही गरमी नव्हे. आमच्या वस्तीत एका बाईने 'गरम गाठ' हे शब्द ऐकून महिनाभर सब्जाचे पाणी प्यायले. तिला हसण्यात अर्थ नाही. तिला कुणी समजावूनच सांगितले नव्हते.

मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची लहानशी ग्रंथी असते. ती टीएसएच नावाचा संदेश रक्तात सोडते, तो मिळाला की गळ्यातली थायरॉइड ग्रंथी हार्मोन तयार करते. हार्मोन पुरेसे झाले की पिट्युटरी संदेश कमी करते. कधीकधी थायरॉइडमधल्या काही पेशी हा हुकूम मानेनाशा होतात. संदेश येवो न येवो, त्यांचे काम चालूच राहते आणि त्यांची गाठ वाढत जाते. रक्तात हार्मोन जास्त होते, पिट्युटरी गप्प बसते, टीएसएच तळाला जातो आणि ग्रंथीचा निरोगी भाग काम नसल्याने सुस्तावतो. बाईचे वजन उतरते, छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते, चिडचिड होते. असेच चालू राहिले तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडे ठिसूळ होतात. आणि गावात? 'बाहेरचं काही लागलंय का बघा' म्हणणारे अजून आहेत. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरांतही आहेत.

गाठ खरोखर गरम आहे का, हे ठरवायची रीत म्हणजे थायरॉइड स्कॅन. टेक्नेशियम किंवा आयोडीन या किरणोत्सारी द्रव्याची अगदी थोडी मात्रा शरीरात देतात आणि गॅमा कॅमेऱ्याने गळ्याचे चित्र घेतात. जी गाठ ते द्रव्य भराभर ओढते ती चित्रात ठळक उठून दिसते आणि भोवतालची ग्रंथी फिकट. ही गरम गाठ. जी गाठ ओढत नाही तिच्या जागी रिकामा डाग दिसतो. ही थंड गाठ. कॅन्सरच्या पेशी बहुधा आयोडीन ओढायची क्षमता गमावतात, म्हणून कॅन्सर सापडतो तो मुख्यतः थंड गाठींत. थंड गाठींपैकीही बहुतेक साध्याच असतात, हे इथेच सांगून ठेवते.

अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमधला क्रम असा आहे: गाठ सापडली की टीएसएच तपासा आणि गळ्याची सोनोग्राफी करा. टीएसएच कमी आला तर स्कॅन करा. स्कॅनमध्ये गाठ गरम ठरली तर सुईने पेशी काढून तपासायची, म्हणजे एफएनएसीची, गरज सहसा नाही. म्हणजे पूर्ण वाक्य असे होते: 'स्कॅन केला, गाठ गरम निघाली, सोनोग्राफीतही संशयास्पद काही नाही, तर कॅन्सरची शक्यता फार कमी.' या वाक्यातली पहिली दोन कामे पैशाची आणि प्रवासाची आहेत. शेवटचा दिलासा फुकट आहे. गरिबाला फुकटाचा भाग तेवढा मिळतो.

खोटा धीर

माझी आत्या येलदरीची. वय छप्पन्न. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणी आणि धरणाच्या कामावर रोजंदारी. गळ्याच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ. शहरातल्या एका खासगी दवाखान्यातून दोन वर्षे तिच्या कार्बिमॅझोलच्या गोळ्या चालू होत्या. धडधड कमी झाली होती, म्हणून घरात सगळे निवांत होते. मी फाइल उघडून बघितली. कमी टीएसएचचे दोन रिपोर्ट, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, आणि एका चिठ्ठीवर 'हॉट नोड्यूल' असे दोन शब्द. स्कॅन नाही. सोनोग्राफीही नाही.

ज्या गाठीचे चित्रच काढले नाही, ती गरम ठरली कशी? टीएसएच कमी आला म्हणून. इथेच गफलत आहे आणि ती नीट समजून घ्या. कमी टीएसएच एवढेच सांगतो की रक्तात हार्मोन जास्त झाले आहे. ते कुठून आले, हे तो सांगत नाही. ते एका गाठीतून आले असेल. ग्रेव्हज नावाच्या आजारात सबंध ग्रंथीच जास्त काम करते आणि त्यात एखादी गाठ थंड असू शकते. ग्रंथीला सूज येऊन साठलेले हार्मोन बाहेर पडत असेल. थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त होत असेल. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांतही टीएसएच खाली जातो. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्यांमुळेही काही प्रयोगशाळांच्या तपासणीत टीएसएच खोटाच कमी दिसतो. एवढ्या शक्यतांमधून एक शक्यता उचलायची आणि तीच निदान म्हणून लिहायची, याला तपासणी म्हणत नाहीत.

आत्या तयार नव्हती. "आता कशाला पैशे घालतीस माय? डाक्टरनं सांगितलं ना, गरम गाठ हाय म्हून. त्याच्यात कॅन्सर नसतो." दोन वर्षांपूर्वी ऐकलेले वाक्य तिने सुटे पैसे बांधावेत तसे पदराला बांधून ठेवले होते. मी म्हणाले, "आत्या, नसतो हे मलाबी मान्य हाय. पण तुझी गाठ गरम हाय हे कुणी बघितलं?" त्यावर ती गप्प झाली. दुसऱ्या आठवड्यात सुनेला बरोबर घेऊन निघाली.

परभणीत सोनोग्राफी केली. गाठी दोन निघाल्या. उजवीकडची मोठी, हाताला लागणारी, कडा गुळगुळीत. डावीकडे आत दबलेली दुसरी, जेमतेम दीड सेंटिमीटरची. पण काळपट, कडा वेड्यावाकड्या, आत चुन्याचे बारीक पांढरे ठिपके. मग स्कॅनसाठी जिंतूर, मंठा, जालना असे करत औरंगाबाद गाठले. उजवी गाठ गरम निघाली, डावी थंड. डाव्या गाठीत सुई घातली. रिपोर्ट आला: पॅपिलरी कॅन्सर.

यातली गोम लक्षात घ्या. ज्या गाठीकडे बोट दाखवून 'गरम आहे' म्हटले होते, ती खरेच गरम होती. अंदाज बरोबर निघाला. पण एका गाठीबद्दलचे वाक्य सगळ्या गळ्याला लावले गेले आणि शेजारची गाठ दोन वर्षे कुणी पाहिलीच नाही. आधी गोळ्यांनी हार्मोन आटोक्यात आणले, कारण ते वाढलेले असताना शस्त्रक्रिया करणे जिवावर बेतू शकते. मग पूर्ण ग्रंथी काढली. शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून झाली. त्याआधीचे सगळे, म्हणजे सोनोग्राफी, स्कॅन, गाडीभाडे आणि तिघांची बुडालेली मजुरी, पदरचे. आज तीन वर्षे झाली. आत्या रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेते आणि बचत गटाच्या बैठकीला पहिली येऊन बसते. पॅपिलरी कॅन्सर वेळेत सापडला तर बहुतेक रुग्ण पुढे वर्षानुवर्षे चांगले जगतात. 'वेळेत' या शब्दाचीच तेवढी किंमत आहे.

गरम गाठीतच कॅन्सर असतो का?

असतो, पण क्वचित. एकुलत्या गरम गाठींबद्दलच्या जुन्या अभ्यासांचा एक आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया करून काढलेल्या अशा गाठींपैकी शंभरात तीनच्या आसपास गाठींत कॅन्सर आढळला होता. या आकड्यालाही अट आहे. ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्या मुळातच मोठ्या किंवा शंका आलेल्या गाठी असतात. गोळी किंवा आयोडीन घेऊन बऱ्या झालेल्या बाया त्या मोजणीत येत नाहीत. त्यामुळे सगळ्या गरम गाठी धरल्या तर प्रमाण याहून कमी असणार.

मग ही थोडकी माणसे ओळखायची कशी? सोनोग्राफीने. गरम गाठीतही चुन्याचे बारीक ठिपके, वेड्यावाकड्या कडा किंवा रुंदीपेक्षा जास्त उंची दिसली, मानेत लिम्फच्या गाठी दिसल्या, गाठ झपाट्याने वाढली, आवाज बसला, तर 'गरम आहे' म्हणून थांबायचे नसते. तिथे सुईची तपासणी किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार करावा लागतो. आणखी एक बारकावा आहे. टेक्नेशियम फक्त पेशीत शिरते; आयोडीन शिरतेही आणि हार्मोनमध्ये गुंफलेही जाते. त्यामुळे एखादी गाठ टेक्नेशियमच्या स्कॅनवर गरम आणि आयोडीनच्या स्कॅनवर थंड निघू शकते. शंका असेल तर दुसऱ्या स्कॅनबद्दल विचारायचा हक्क रुग्णाला आहे.

मग सरसकट सगळ्या गरम गाठींत सुई का घालत नाहीत? कारण इथे सुई फसवते. गरम गाठीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली अनेकदा 'फॉलिक्युलर' दिसतात आणि रिपोर्ट 'संशयास्पद' येतो. फॉलिक्युलर कॅन्सर आणि साधी फॉलिक्युलर गाठ यांतला फरक सुटट्या पेशींवरून कळतच नाही. पेशींनी गाठीचे आवरण किंवा रक्तवाहिनी फोडली आहे का, यावर तो ठरतो, आणि त्यासाठी अख्खी गाठ काढून तपासावी लागते. म्हणजे न मागितलेली सुई बाईला थेट ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नेऊ शकते. आता दुसरी हकिगत.

खोटी भीती

जिंतूर तालुक्यातल्याच एका वस्तीतली बाई. वय बत्तीस, दोन लेकरे, नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळी झाली की कारखान्याला जातात. गळ्याची गाठ दाखवायला एका शहरातल्या खासगी रुग्णालयात गेली. तिथे पहिल्याच दिवशी सुई घातली. रिपोर्ट आला 'संशयास्पद'. सांगितले गेले: कॅन्सर असू शकतो, लवकर ऑपरेशन करा, ऐंशी हजार लागतील. नवऱ्याने मुकादमाकडे पुढच्या हंगामाची उचल मागितली. उचल घेतली की सहा महिने ते दोघे मुकादमाचे; ऑपरेशन झालेल्या बाईनेही ऊस तोडायचा आणि मोळ्या उचलायच्या.

तिच्या फाइलमध्ये टीएसएचचा रिपोर्टच नव्हता. दीड-दोनशे रुपयांची रक्ततपासणी, पहिल्या पायरीची, झालीच नव्हती. ती केली, टीएसएच जवळजवळ शून्य. सोनोग्राफीत एकच गाठ, कडा स्वच्छ, ठिपके नाहीत. स्कॅनमध्ये गाठ गरम, उरलेली ग्रंथी फिकट. हे तिन्ही रिपोर्ट आणि सुईचा जुना रिपोर्ट एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी एकत्र वाचले आणि सांगितले की ऑपरेशनची घाई नाही. गरोदर नसल्याची खात्री करून तिला किरणोत्सारी आयोडीनचा एक डोस दिला. काही दिवस लेकरांपासून लांब झोपायचे, पुढचे सहा महिने गरोदर राहायचे नाही, वर्षाला सोनोग्राफी आणि ठरावीक काळाने टीएसएच करत राहायचे, एवढे पथ्य. गाठ आकसली. उचल घ्यावी लागली नाही.

मराठवाड्यात हे ऐकताना आपल्याला काही आठवायला हवे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची गर्भाशये काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांवर महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यातल्या कितीतरी बायांनी सांगितलेले कारण एकच होते: 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल.' कॅन्सर हा शब्द आपल्या बायांच्या शरीरात हात घालायचा परवाना बनतो. गर्भाशय असो की गळा, पद्धत तीच.

एकच पान का गळते?

या दोन हकिगती उलट्या दिशेच्या वाटतात. एकीत उपचार कमी, दुसरीत जास्त. पण दोन्हीकडे निदानाची पायरी ओलांडून थेट निष्कर्षावर उडी मारली गेली. गोळी देणे स्वस्त असते, ऑपरेशन करणे फायद्याचे असते. मधली तपासणी, ऐकणे, समजावणे यात कुणाला रस नसतो.

ज्युलियन ट्युडर हार्ट हे वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात काम करणारे डॉक्टर. त्यांनी १९७१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक नियम मांडला: चांगल्या आरोग्यसेवेची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच ती सर्वांत कमी मिळते, आणि सेवा जेवढी बाजाराच्या हाती, तेवढा हा नियम कडक. एम.ए.ला हा नियम वाचला तेव्हा तो परीक्षेपुरता होता. येलदरीत तो रोज दिसतो. भारतात त्याला आणखी एक कलम जोडावे लागते. इथे गरज कुणाची जास्त आणि आवाज कुणाचा कमी, हे जातीने आधीच ठरवून ठेवलेले आहे.

'स्कॅनची यंत्रणा खर्चिक आहे, ती गावोगावी कशी असणार?' हा प्रश्न प्रामाणिक आहे. टेक्नेशियम सहा तासांत निम्मे होते. ते ज्या मॉलिब्डेनमपासून मिळवतात ते ६६ तासांत निम्मे होते. साठा करून ठेवता येत नाही, सतत पुरवठा लागतो, परवाना लागतो, प्रशिक्षित माणसे लागतात. तालुक्याला कॅमेरा द्या असे मी म्हणत नाही. पण हे ज्ञान नवे नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर मुंबईत परळला १९६३ मध्ये सुरू झाले आणि थायरॉइडच्या रुग्णांसाठी किरणोत्सारी आयोडीन हे तिथले मोठे काम राहिले आहे. त्याच दशकात आमच्या पूर्णा नदीवर येलदरीचे धरण उभे राहिले, साडेबावीस मेगावॅटचे वीजकेंद्र झाले. राज्याने ठरवले तर डोंगराएवढी भिंत बांधता येते, अणुभट्टीतले औषध दवाखान्यात आणता येते. साठ वर्षांनंतरही गळ्याच्या एका चित्रासाठी रोजंदारीवरच्या बाईला तीन जिल्हे ओलांडावे लागत असतील, तर अडचण तंत्रज्ञानाची आहे असे कसे म्हणायचे?

तीन आक्षेप

पहिला: 'मग सगळ्यांचीच सोनोग्राफी करून टाकू. विहारात शिबिर लावू.' कृपया नको. दक्षिण कोरियाने १९९९ मध्ये कॅन्सर तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. थायरॉइडची सोनोग्राफी त्यात नव्हती, पण दवाखान्यांनी थोड्या पैशांत ती जोडून द्यायला सुरुवात केली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचे निदान १९९३ च्या पंधरा पट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. जे बारीक कॅन्सर कधीच त्रास देणार नव्हते ते शोधून हजारो ग्रंथी काढल्या गेल्या. २०१४ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी जाहीर इशारा दिल्यावर शस्त्रक्रिया घटल्या. तेव्हा गाठ नाही, त्रास नाही, तर गळा तपासत सुटू नका. गाठ आहे, तर क्रम पाळायला लावा.

दुसरा: 'ही डॉक्टरांची कामे. चळवळीने यात का पडावे?' बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात कामगार बायांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू मांडली. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेल्या. आरोग्य हा आपल्या चळवळीत बाहेरून आणलेला विषय नाही. उलट, जयंतीच्या डीजेचा हिशेब ठेवणाऱ्या मंडळाला वस्तीतल्या बायांच्या फाइली ठेवणे जड का जावे, हा खरा सवाल आहे.

तिसरा: 'तुम्ही डॉक्टरांवर अविश्वास पसरवता.' नाही. दोन्ही बाया बऱ्या झाल्या त्या डॉक्टरांमुळेच. भगत, अंगारा आणि मोबाइलवर फिरणारे नुस्के यांच्याकडे परत जाण्याचा मार्ग मी दाखवत नाही. केसपुत्तच्या कालामांना बुद्धाने दिलेला सल्ला आपण विहारात अनेकदा ऐकतो: सांगणारा मोठा आहे, परंपरा आहे, ग्रंथात आहे, एवढ्यावरून मानू नका, तपासून पाहा. तो सल्ला देवळाच्या दारात जेवढा लागू आहे तेवढाच दवाखान्याच्या दारात लागू आहे. 'गाठ गरम आहे' यावर 'कशावरून?' असे विचारणे हा अपमान नाही. चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो.

काय विचारायचे, काय मागायचे

गळ्याला गाठ असलेल्या बाईसोबत जाल तेव्हा हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्या.

१. टीएसएच तपासला का? किती आला? तो कमी असेल तर टी-३ आणि टी-४ किती?

२. गळ्याची सोनोग्राफी झाली का? गाठी किती? प्रत्येक गाठीची कड, ठिपके, आकार यांबद्दल रिपोर्टात काय लिहिले आहे? मानेतल्या लिम्फच्या गाठी पाहिल्या का?

३. टीएसएच कमी असेल तर स्कॅन झाला का? 'गरम' हे स्कॅनवरून म्हणता की रक्तावरून?

४. गाठी एकाहून जास्त असतील तर यातली कोणती गरम आणि कोणती थंड? थंड गाठीची पुढची तपासणी काय?

५. ऑपरेशन सुचवले असेल तर ते कशासाठी: कॅन्सरसाठी, हार्मोनसाठी की दाबामुळे? गोळी किंवा किरणोत्सारी आयोडीन हा पर्याय इथे का चालत नाही?

गिळायला त्रास, बसलेला आवाज, झपाट्याने वाढणारी गाठ किंवा श्वास कोंडणे यांपैकी काही असेल तर पाच प्रश्नांसाठीही थांबू नका, आधी निघा. आणि टीएसएच, टी-३, टी-४ यांचे जुने रिपोर्ट फेकू नका. आमच्याकडे विहारात आता एक कपाट आहे. वंदनेनंतर ज्यांना हवे त्यांच्या फाइली तारखेप्रमाणे लावून देतो. हे काम करायला डॉक्टर व्हावे लागत नाही, वाचता आले की पुरे. बारावी झालेल्या दोन मुली ते चोख करतात.

पण कपाट हे उत्तर नाही. संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेळेवर तातडीचे उपचार मिळणे हे कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडले आणि पैसा नाही ही सबब राज्याला चालणार नाही असे बजावले. आपण तातडीपुरते थांबायचे कारण नाही. सरकारी विमा योजनांचा सगळा भर दाखल झालेल्या रुग्णावर, शस्त्रक्रियेवर आहे. आपली मागणी निदानाची असली पाहिजे. मराठवाड्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत थायरॉइड स्कॅनची सोय हवी, किंवा जिथे ती आहे तिथे तालुक्यातून थेट पाठवण्याची व्यवस्था हवी. स्कॅन आणि सोनोग्राफी मोफत हव्यात, रोजंदारीवरच्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला प्रवासभाडे हवे. परभणीला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. ही मागणी करायला आपल्याला मुंबईला जायची गरज नाही; निवेदन तिथेच देता येते.

बुद्धाच्या चरित्रात एक प्रसंग आहे. अतिसाराने पडलेल्या, कुणीच पाहत नसलेल्या एका भिक्खूला बुद्धाने आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून निजवले, आणि मग संघाला विचारले की याच्याकडे कुणी लक्ष का दिले नाही. तो प्रश्न आज आपल्याला आहे. तुमच्या वस्तीत पदराखाली गाठ झाकून बसलेली बाई कोण आहे, हे तुम्हाला माहीत आहे. या आठवड्यात तिची फाइल मागा. त्यात स्कॅनचे पान आहे का, एवढे बघा.

जय भीम. जय संविधान.